फ्रान्सनं जाऊन राहिलो

१९ नोव्हेंबर. हिवाळ्यातले पाहुणे यायच्या आत खोल्यांमधल्या सगळ्या रजया उन्हात घालायच्या होत्या. मी गच्चीवर दुसरी रजई झटकत होते, तेवढ्यात खालून गावातल्या धोंडूजींनी हाक मारली.

"मॅडम, सर गेले जी."

"कुठे?" मी विचारलं.

दुसऱ्या कोणाबद्दल ऐकलं असतं तर मी असं विचारलं नसतं. पण कापगते सर आणि त्यांचं जाणं, याबाबत माझी एकदा चांगलीच फसगत झालेली होती. धोंडूजींनी मान खाली घातली. "गेले म्हणजे गेले. घरवालीनं चाय ठेवला न् उठवाले गेली, तं उठलेच नाही."

मी रजई दोरीवर टाकली, चिमटे लावले आणि खाली उतरले. दुपारी त्यांना नेलं. परत आल्यावर आंघोळ करून उरलेल्या रजया घातल्या, कारण त्या कोणीतरी घालायलाच हव्या होत्या. आता संध्याकाळी हे लिहायला बसले आहे. काल बाजारात भाजी घेणारा माणूस आज नाही, हा धक्का आहेच. पण सरांनी मला त्याहून मोठा धक्का जिवंतपणी दिला होता, आणि त्यातून मी अजून सावरलेले नाही.

सर शाळेत पीटी शिकवायचे. मी नवेगाव बांध या गावी आले तेव्हा ते निवृत्त झालेले होते, पण शिट्टी गळ्यातच होती. पँट साखळीत अडकू नये म्हणून उजव्या पायाला कपडे वाळत घालायचा चिमटा. सायकलवरून उतरल्यावरही तो निघत नसे. लग्नात चिमटा, तेराव्याला चिमटा, बँकेत चिमटा. एकदा मी म्हटलं, "सर, चिमटा राहिलाय." ते म्हणाले, "राहिला नाही, ठेवला आहे. परत जायचंच आहे ना."

माझे यजमान वनखात्यात. त्यांच्या बदल्यांना कंटाळून मी इथे तलावाजवळ चार खोल्या बांधल्या आणि पक्षी पाहायला, नागझिऱ्याच्या जंगलात जायला येणाऱ्यांना राहायला देऊ लागले. पहिल्याच हिवाळ्यात सर अंगणात येऊन उभे राहिले. नमस्कार नाही, ओळख नाही.

"तुमच्याकडे सायकली नाहीत?"

"लोक जीपने येतात," मी म्हटलं.

"म्हणूनच विचारून राहिलो. जीपमधून काय दिसते? समोरच्या जीपचा धुराळा. तिकडे फ्रान्सला..."

हे "तिकडे फ्रान्सला" मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. त्यांची मुलगी लग्न होऊन तिकडे गेली होती आणि सर तीन महिने तिच्याकडे राहून आले होते, मी इथे यायच्या आदल्या वर्षी. तिथे म्हणे जुन्या नहरांच्या, म्हणजे कालव्यांच्या, काठाने बारीक खडी दाबून केलेल्या वाटा असतात. एका गावातून निघायचं, दुसऱ्या गावात पोचायचं, मधे मोटार नाही. सायकलीवर म्हातारे नवराबायको, पुढच्या टोपलीत लांबडा पाव. "हॉर्न नाही मॅडम. चार-चार गावं जा, हॉर्न नाही." बोलताना ते डोळे मिटायचे. मला वाटायचं, आठवत असतील.

आठवड्याभरात त्यांनी जुन्या सायकली आणून माझ्या शेडमध्ये लावल्या. मी होकार दिल्याचं मला आठवत नाही.

सरांना आयुष्यात एकच गोष्ट हवी होती. आपल्याकडे तशी एक वाट असावी, आणि तिच्यावर कधीही मोटार येऊ नये. त्यामागे पर्यावरण वगैरे काही नव्हतं. त्यांचं म्हणणं साधं होतं. दोन माणसं बाजूबाजूने सायकल चालवत बोलू शकली पाहिजेत. "गाडी आली की एक पुढे होतो, एक मागे राहतो. बोलणं तुटते. मंग घरी जाईपर्यंत ते बोलणं आठवत नाही."

डांबराशी त्यांचं वैर होतं. सायकलचं चाक ते डांबराला लावत नसत. वाटेत सडक आडवी आली की उतरायचं, सायकल खांद्यावर घ्यायची, सडक पायी ओलांडायची आणि पलीकडच्या मुरमावर उतरवायची. नागपूरच्या काही डॉक्टरांना त्यांनी हेच करायला लावलं. डॉक्टर लोक सायकली खांद्यावर घेऊन रांगेने सडक ओलांडत होते आणि एसटीच्या ड्रायव्हरने बस थांबवून खिडकीतून विचारलं, "काय जी सर, पंचर झाल्या का साऱ्याच?" सरांनी शिट्टी वाजवून त्याला जायला सांगितलं. मी सडकेच्या कडेला जीपमध्ये जेवणाचे डबे घेऊन बसले होते. हे गिऱ्हाईक पुन्हा येत नाही, असं मी मनात धरलं. पुढच्या वर्षी ते बायकामुलांना घेऊन आले.

वाट जोडायला सरांना दोन हिवाळे लागले. नहराच्या काठची पार, म्हणजे मातीचा बांध, होती, तिच्यापुढे दोन जुन्या तलावांच्या पारी, मग शेतांमधली बैलगाडीची पांदण. सगळं आधीपासून होतंच, फक्त तुकड्यातुकड्यांनी. सर कोहळी समाजातले. हे तलाव आमच्या आज्या-पणज्यांनी खोदले, असं ते कोणालाही पहिल्या पाच मिनिटांत सांगायचे. एका पाहुण्याने विचारलं, याला मामा तलाव का म्हणतात, कोणाचा मामा? माजी मालगुजारी तलाव, म्हणून मामा, एवढं सांगितलं असतं तर संपलं असतं. सर म्हणाले, "गावाचा मामा. पाणी देतो, लाड करतो, न् भाच्यायनं घाण केली तरी बोलत नाही." पाहुण्याने ते लिहून घेतलं. मी नंतर खरं सांगितलं, तर तो हिरमुसला.

शेवटचा तुकडा अडला धोंडूजींच्या शेतापाशी. त्यांच्या धुऱ्यावरून, शेताच्या कडेच्या बांधावरून, जायला दिलं तरच पांदण नहराला मिळत होती. धोंडूजींनी दिलं, पण अट घातली.

"माझ्या म्हशीजवळ शिट्टी वाजवायची नाही."

"काऊन?"

"दूध चोरते ती. तुमच्या शिट्टीनं माझा चाय काळा होऊन राहिला."

तेव्हापासून धोंडूजींचं शेत आलं की सर शिट्टी गळ्यातून काढून खिशात ठेवत. दोन्ही टोकांना त्यांनी दगडी खांब रोवले, सायकल आणि माणूस जाईल एवढी फट सोडून. बैलगाडीसाठी मधला खांब उचलून ठेवता यायचा. तो पुन्हा जागेवर बसला की नाही हे बघायला सर रोज संध्याकाळी फेरी मारत. जागोजागी पाट्या लावल्या. अंतर किलोमीटरमध्ये नव्हतं. "पुढचं गाव: दोन गप्पा." "तलाव: अर्धी गप्पा." आणि प्रत्येक वळणावर पांढरा बाण, त्याखाली: "डावी बाजू धरा. फ्रान्सप्रमाणे."

गावाने त्या वाटेला नावच फ्रान्स ठेवलं. निंदणाला, खुरपणीला निघालेल्या बायांना विचारलं, कुठून चाललात, तर म्हणायच्या, "फ्रान्सनं जाऊन राहिलो." कोणाची बकरी हरवली तर "फ्रान्सवर चरून राहिली असन." मी बाहेरची. मला वाटलं, केवढा हा मान. एका माणसाने जग पाहिलं आणि गावाने ते आपल्या तोंडी बसवलं. पाहुण्यांना मी ही गोष्ट रंगवून सांगायची.

मागच्या हिवाळ्यात कोहमाऱ्याकडे महामार्गाचं काम निघालं आणि मुरूम लागायला लागला. ठेकेदाराला टिप्परसाठी जवळचा रस्ता हवा होता. नहराची वाट त्याला सरळ पडत होती. खांब काढा, टिप्पर जाऊ द्या, काम संपलं की डांबर टाकून देतो, असा त्याचा प्रस्ताव होता. ग्रामसभा ठरली. सर तेव्हापासून जेवेनात. काकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, माझ्याकडे येऊन म्हणाल्या, "ते वाट गेली तं माणूसही जाईन, मॅडम. तुमी काही करा."

मी करायला गेले आणि तिथेच घोटाळा झाला.

माझ्याकडे तेव्हा एक फ्रेंच बाई उतरल्या होत्या, निवृत्त नर्स, पक्षी पाहायला आलेल्या. मी म्हटलं, यांनाच नेऊ. सर बोलतात ते खरं आहे, हे खुद्द तिथल्या बाईच्या तोंडून गावाला ऐकू दे. सरांना सांगितलं तर ते वाकून पायाचा चिमटा नीट करायला लागले. मग म्हणाले, "कायले त्रास त्यायले?" मला वाटलं, संकोच. मी बाईंना घेऊन गेलेच.

ग्रामपंचायतीचा हॉल भरलेला होता. सरपंचबाई समोर, ठेकेदाराचा माणूस खिडकीपाशी, सर भिंतीला टेकून. बाई इंग्रजीत बोलणार आणि मी मराठीत सांगणार, असं ठरलं.

"पुसा त्यायले," सरपंचबाई म्हणाल्या, "त्यायच्या देशात अशा वाटा असतात का?"

असतात, बाई म्हणाल्या. त्यांच्या गावाजवळ जुना नहर आहे, पूर्वी त्याच्या काठाने घोडे चालत आणि दोराने नावा ओढत. नावा बंद झाल्या, काठाची वाट उरली. आता तिथे खडी टाकली आहे, तोंडाला फाटक आहे, मोटारीला बंदी आहे. मी एकेक वाक्य मराठीत करत गेले. लोक माना हलवत होते. सर भिंतीपासून सुटून ताठ उभे राहिले.

मग बाई सरांकडे बघून हसल्या आणि कौतुकाने म्हणाल्या, फक्त ते बाण पाहून मला गंमत वाटली, आमच्याकडे सगळे उजव्या बाजूने चालवतात.

मी तेही सांगितलं. जे कानात आलं ते तोंडातून गेलं. गेल्यावर मला ऐकू आलं.

तीन महिने तिथे सायकल चालवलेला माणूस, कोणती बाजू हे विसरेल?

मी सरांकडे पाहिलं. त्यांचा चेहरा पाहून मला उत्तर मिळालं. इतकी वर्षं मी पाहुण्यांना काय सांगत होते?

ठेकेदाराच्या माणसाच्याही लक्षात आलं. तो खिडकीपासूनच सावकाश म्हणाला, "सर, मंग तुमी कोणत्या फ्रान्सले गेले होते जी?"

 सरपंचबाईंनी समोरचे कागद सारखे केले. तेवढ्यात धोंडूजी उठले.

"डोंगरगडले होता तो," ते म्हणाले. "त्यात पुसासारखं काय हाये? मी सोता पाह्यलो. नवरात्रात गेलो होतो, तं धर्मशाळेच्या ओट्यावर चड्डी-बनियान वाळू घालून राह्यला होता. समद्या गावाले ठावूक हाये. तू टिप्परचं बोल."

डोंगरगड म्हणजे गोंदियापलीकडचं देवीचं गाव, रेल्वेने तासाभरावर. मी हॉलभर नजर फिरवली. एकाही चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं. बाया पदर सारखा करून सरपंचांकडे बघत होत्या. म्हातारे तंबाखू मळत होते. जणू धोंडूजींनी तलाव कोणत्या दिशेला आहे ते सांगितलं होतं. त्या भरल्या हॉलमध्ये धक्का बसलेली माणसं दोनच होती, मी आणि सर. सर खोटं बोलत होते हे मला माहीत नव्हतं. आणि गावाला ते माहीत आहे, हे सरांना माहीत नव्हतं.

एक बाई म्हणाली, "आमी पोरायले घेऊन त्या वाटेनं वावरात जातो. टिप्पर आला तं आमी कुठून जावं?" सरपंचबाईंनी हात वर करायला सांगितलं. जवळजवळ सगळे हात वर गेले. वाट राहिली, खांब राहिले. ज्याच्यासाठी सर जेवत नव्हते ते त्यांना मिळालं. सर खाली वाकले, पँटचा चिमटा काढला, खिशात घातला आणि सायकल तिथेच सोडून पायी घरी गेले.

फ्रेंच बाईंनी मला विचारलं, मी काही चुकीचं बोलले का? मी म्हटलं, नाही, ठराव पास झाला.

दोन दिवस वाट पाहून मी त्यांच्या घरी गेले. मला गोष्टी अर्धवट आवडत नाहीत. सर खाटेवर बसले होते. विचारायच्या आधीच सांगायला लागले. व्हिसा नाकारला गेल्याचं कळलं तेव्हा शाळेने शाल दिलेली होती, गावाने हार आणून ठेवले होते. नाही म्हणायची हिंमत झाली नाही. सगळं गाव गोंदियाच्या स्टेशनवर आलं, मुंबईच्या गाडीत बसवून दिलं. पुढच्या स्टेशनला उतरून त्यांनी उलटी गाडी धरली. संध्याकाळी तेच गोंदिया स्टेशन पुन्हा खिडकीतून गेलं, तेव्हा तोंडाला मफलर होता. मुलगी मोबाईलवर नहरांचे व्हिडिओ पाठवायची, ते धर्मशाळेत बसून बघायचे.

"डोंगरगड?" मी म्हटलं. "सर, नवरात्रात अर्धा जिल्हा तिथे असतो."

"गर्दीत कोण पाहते, असं वाटलं." मग म्हणाले, "खोटं बोललो त्याचं सोडा. पण मी सांगत होतो न् ते ऐकत होते. रोज. पारावर, चाय पिताना. मान हलवत होते, पुढचं पुसत होते. काऊन? हसले असते तं बरं झालं असतं." ते माझ्याकडे बघत राहिले. "तुमाले ठावूक होतं का?"

"नाही."

"खरं?"

"खरं."

"मंग तुमी एकट्याच," ते म्हणाले, आणि त्या दिवसांतलं त्यांचं एकमेव हसू मी पाहिलं.

मी त्यांना सांगितलं की लाज वाटून घेण्याचं कारण नाही, गाव तुमच्या बाजूने उभं राहिलं आहे, उद्यापासून फेरी सुरू करा. ते "हो जी" म्हणाले. नंतर त्या वाटेवर ते कधीच दिसले नाहीत. संध्याकाळची फेरी धोंडूजी मारायला लागले. गावाचं सरांसमोर "फ्रान्स" म्हणणं बंद झालं. कोणी ठरवलं नव्हतं, आपोआप झालं. बाया म्हणायच्या, नहरानं जाऊन राहिलो. त्यानेही सर खट्टू व्हायचे.

नीट पाहिलं ते शेवटचं दसऱ्यानंतर. मी गोंदियाला जायला निघाले होते. कोहमाऱ्याच्या चौकात ट्रकांची रांग लागली होती, धाब्यासमोर धुराळा. आमची जीप अडकली. उजवीकडच्या ट्रकच्या मागून एक सायकल निघाली, डांबरावरून, पांढऱ्या पट्टीला धरून. सर होते. पाठ ताठ, हँडलला पिशवी, मागून टँकर हॉर्न देतोय आणि हे हलत नाहीत. ज्या माणसाने डॉक्टरांना सायकली खांद्यावर घ्यायला लावल्या तो चौपदरी सडकेवरून ट्रकांमधून चालला होता. मी काच खाली करून ओरडले, "सर, इकडून कुठे?" त्यांनी पाहिलं. काहीतरी बोलले, ओठ हलले. हॉर्नमध्ये ऐकू आलं नाही. एक हात वर केला आणि ते ट्रकांच्या पुढे निघून गेले.

२० नोव्हेंबर. एवढं लिहून काल झोपले. आज सकाळी चहाची किटली घेऊन काकूंकडे गेले. त्यांच्या घरी चूल बंद होती. त्या ओसरीवर एकट्या बसल्या होत्या. मी सांत्वनाचं काही बोलले नाही, मला ते जमत नाही. थेट विचारलं, "काकू, गावाला माहीत आहे, हे तुम्हाला माहीत होतं?"

"मीच सांगतलं ना," काकू म्हणाल्या.

मी किटली आणि कप खाली ठेवले.

"धोंडूजी डोंगरगडवरून सिद्धे माझ्या अंगणात आले. वहिनी, म्हणे, सर तं तिकडं दिसले. मी म्हटलं, तुमच्या पोटात हे राहणार नाही, न् एकाले सांगान तं तो वाढवून सांगन. त्यापेक्षा मीच सांगतो. तलावावर बाया जमल्या तवा सांगतलं. समद्यायले. फक्त म्हटलं, त्यायच्या तोंडावर कोणी हसू नका. पुसा, ऐका, पण हसू नका."

"आणि मला का नाही सांगितलं?"

"तुमी तोंडावर बोलता," काकू म्हणाल्या. मग हलक्या आवाजात, "न् एखादं तरी खरंच ऐकणारं पाहिजे होतं त्यायले."

 इतक्यात काकूंचा फोन वाजला. मुलगी होती, फ्रान्सहून. तिला विमान उद्याचं मिळालं होतं. काकूंना बोलवेना, त्यांनी फोन माझ्या हातात दिला. मुलगी रडत होती. आधी तिने कसं झालं ते विचारलं, मी सांगितलं. मग ती म्हणाली, "मॅडम, एक विचारू? पप्पा सगळ्यांना इकडचं सांगायचे ना, मला कायम भीती वाटायची. कधीतरी कोणाला तरी कळेल आणि लोक त्यांच्या तोंडावर हसतील. तसं कधी झालं का?"

काकू माझ्या तोंडाकडे बघत होत्या.

"नाही," मी म्हटलं. "कोणी हसलं नाही. एकदाही नाही."

फोन काकूंच्या हातात दिला, किटलीतला चहा त्यांच्या कपात ओतला आणि त्या पीत होत्या तोवर अंगण झाडून घेतलं.